मांस, मासे आणि आच

रविवारच्या मटणाविषयी घराघरांतून एक तक्रार नेहमी ऐकू येते. वाटण तेच, भांडे तेच, खाटीकही ठरलेला. तरी एखाद्या रविवारी फोडी लोण्यासारख्या मऊ होतात आणि पुढच्याच रविवारी त्या चघळता चघळता जबडा दुखून येतो. माशाची तक्रार नेमकी याच्या उलट असते. सुरमईची तुकडी तव्यावर फुटते, कालवणातला बांगडा काट्यांपासून सुटून रश्श्यात विखुरतो आणि पापलेट कोरडे ठणठणीत होते. दोष मग खाटकाला दिला जातो, कोळणीला दिला जातो, क्वचित मसाल्यालाही दिला जातो. विस्तवाकडे मात्र सहसा कोणी बोट दाखवीत नाही. मटणाचा आणि चांगल्या मासळीचा आजचा भाव पाहता ही उपेक्षा बरीच महागात पडते. पुष्कळदा माल उत्तम असतो. त्याला न मानवणारी आच मिळालेली असते. आणि आच निवडायची तर शिजायला घातलेला पदार्थ आतून कसा घडलेला आहे, हे आधी पाहावे लागते.

मांस म्हणजे प्राण्याचे स्नायू. बारीक तंतूंच्या जुड्या आणि त्या जुड्यांना बांधून ठेवणारी चिवट आवरणे, अशी त्यांची रचना असते. तंतूंमध्ये पाण्याचा अंश मोठा; कच्च्या मांसाच्या वजनाचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतो. आवरणे मुख्यत्वे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाची असतात. स्वयंपाक करणाऱ्याची खरी अडचण अशी, की या दोन द्रव्यांच्या मागण्या परस्परविरुद्ध आहेत. तंतूंतील प्रथिने ५० अंश सेल्सिअसच्या आसपास गोठू लागतात. ६० ते ६५ अंशांच्या दरम्यान आवरणे आकसतात आणि ओला पंचा पिळावा तसे तंतूंतले पाणी बाहेर काढतात. ७५ अंशांच्या पुढे तंतू कोरडे व कडक होत जातात. तंतूंचे हित पाहिले तर आच जितकी थोडी व थोडा वेळ, तितके बरे. कोलॅजेनला मात्र नेमके याच्या उलट हवे असते. ते ७० अंशांच्या पुढे, ओलाव्याच्या संगतीत, पुष्कळ वेळ राहिले म्हणजेच विरघळते आणि त्याचे जिलेटिन बनते. पायाचे सूप गार झाल्यावर थिजते ते या जिलेटिनामुळे. कोरड्या पडलेल्या तंतूंना पुन्हा मऊपणा आणि ओशटपणा आल्यासारखा वाटतो, तोही त्याच्याच योगाने.

यावरून एक चमत्कारिक गोष्ट उघड होते. शिजण्याच्या वाटेवर मांसाची एक मधली अवस्था असते आणि ती सर्वांत वाईट असते. अर्ध्या तासाने फोड दाबून पाहावी, तर ती घातली त्या वेळेपेक्षा कडक लागते; कारण पाणी पिळून निघालेले असते आणि कोलॅजेन अजून विरघळलेले नसते. येथेच पुष्कळांचा धीर सुटतो आणि जाळ वाढवला जातो. परंतु उकळते पाणी १०० अंशांच्या पुढे जात नाही, मग खालचा जाळ कितीही मोठा करा. मोठ्या जाळाने पाणी तेवढे लवकर आटते, फोडी एकमेकींवर आदळतात आणि इंधन जळते. मांस त्यामुळे लवकर शिजत नाही. रस्सा खळखळ उकळण्याऐवजी कडेने मंद बुडबुडे येत राहतील इतकीच धग पुरते, आणि ती दीड-दोन तास पुरवावी लागते. तेथे घाईला औषध नाही.

अर्थात हे सर्व फोडींना सारखे लागू नाही. जो स्नायू प्राण्याने जन्मभर राबवला, त्यात कोलॅजेन अधिक. बोकडाची मान, खांदा, सीना आणि पायाच्या नळ्या या राबलेल्या जागा. त्या मंद आचेवर दीर्घकाळ शिजवाव्यात आणि त्यांचा रस्सा करावा. पाठीचा भाग आणि कोवळ्या बोकडाच्या चापा त्या मानाने आळशी. त्यांना तवा किंवा निखारे अधिक मानवतात. आपल्याकडे मात्र ‘सगळीकडचे मिळून’ घेण्याची रीत आहे. मग एकाच पातेल्यात नळी कच्ची राहते आणि पाठीची फोड चोथा होते. तुकडे निवडून घेणे आणि नळ्या व सीना अर्धा तास आधी चढवणे, हा यावरचा साधा उपाय होय.

महाराष्ट्रात मटण शिजताना पातेल्यावर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी ओतण्याची जुनी चाल आहे. तिच्यामागे चांगलेच तारतम्य आहे. ताट गार राहते, म्हणून वाफेचे पाणी होऊन ते पुन्हा आत ठिबकते. आतला स्वाद बाहेर जात नाही. ताटातले पाणी हळूहळू तापते आणि रस्सा आटला तर तेच आत घालता येते. गार पाणी घातले, तर उकळी मोडते आणि शिजण्यात खंड पडतो. कोल्हापूरकडे मटण आधी मीठ, हळद व आले-लसणावर अळणी शिजवून घेतात आणि त्याच अळणी पाण्यातून तांबडा व पांढरा असे दोन्ही रस्से सिद्ध होतात. जिलेटिनाने भरलेले ते पाणी म्हणजे दोन्ही रश्श्यांचा प्राण. हैदराबादच्या कच्च्या बिर्याणीत कणकेने झाकण लिंपून आणि वर-खाली निखारे ठेवून दम देतात. पद्धती दोन, पण वाफ कोंडून धग मंद ठेवण्याचे तत्त्व एकच.

मंद आचेचा महिमा युरोपातही योगायोगानेच उमगला. बेंजामिन टॉम्सन, ज्याला काउंट रमफर्ड म्हणून ओळखतात, त्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस बटाटे वाळवण्याच्या यंत्रात मेंढीचा खांदा ठेवून पाहिला. तीन तासांनी तो शिजला नव्हता, म्हणून रात्रभर तसाच राहू दिला. सकाळी पाहतो तो मांस उत्तम शिजलेले आणि कधी नव्हे इतके मऊ व रुचकर! याच्या उलट टोकाची युक्ती देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याच्या शंभर वर्षे आधी, १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली होती. घट्ट झाकणाच्या भांड्यात वाफ कोंडली, तर पाणी १०० अंशांच्या पुढे जाते आणि हाडेही मऊ होतात, हे त्याने दाखवले. आजचा प्रेशर कुकर तो हाच. त्यात तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत चढते आणि दोन तासांचे काम अर्ध्या तासाच्या आत उरकते. परंतु कुकर कोलॅजेनला जितका अनुकूल, तितकाच तंतूंना कठोर. पाया, नळ्या, जून बोकडाचे मटण यांना तो वरदान आहे; चापांना आणि कोंबडीच्या छातीला त्याची गरज नाही. लेहसारख्या ठिकाणी मात्र त्याला पर्याय नाही. तेथे, सुमारे ३,५०० मीटर उंचीवर, पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते. उघड्या पातेल्यातले मटण तेथे पुण्या-मुंबईपेक्षा कितीतरी उशिरा शिजते आणि नव्याने गेलेला मनुष्य उगाच त्या मटणाला नावे ठेवतो.

कोंबडीचा हिशेब वेगळा. आज बाजारात मिळणारी ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांची असते. तिचे कोलॅजेन कोवळे. वीस-पंचवीस मिनिटांत ती शिजते. गावरान कोंबडी वयाने मोठी आणि अंगणभर हिंडलेली. वयाबरोबर कोलॅजेनचे दुवे पक्के होत जातात, म्हणून तिला मटणाचीच रीत लावावी लागते. शिवाय एकाच कोंबडीत छाती आणि तंगडी यांची जात वेगळी असते. छातीचे पांढरे मांस ७० अंशांच्या पुढे फार काळ राहिले की कोरडे पडते, तंगडी तेवढ्यात नुकती कुठे मऊ होऊ लागलेली असते. एक सावधगिरी मात्र येथे अवश्य पाळावी. कोंबडीच्या मांसात रोगजंतू असण्याचा संभव बराच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे अन्न आतपर्यंत ७० अंशांना पोचले पाहिजे. अमेरिकेत कोंबडीसाठी ७४ अंशांचा दंडक आहे. खिम्यालाही पूर्ण शिजवणे आवश्यक आहे, कारण अखंड तुकड्यात जंतू बहुधा पृष्ठभागावर असतात, तर खिमा करताना ते सर्वत्र मिसळले जातात. नुसत्या रंगावरून शिजल्याची खात्री पटत नाही. टोचून पाहण्याचा सुईसारखा तापमापक आता बाजारात सहज मिळतो आणि आपल्या स्वयंपाकघरातील कितीतरी कमी उपयोगाच्या वस्तूंपेक्षा तो जागा थोडी अडवतो.

आतापर्यंत मऊपणाचा विचार झाला. स्वादाचा व्हायचा आहे. परतलेल्या, भाजलेल्या मांसाचा जो खमंग वास येतो, त्याचे रहस्य लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनज्ञाने १९१२ मध्ये वर्णिलेल्या प्रक्रियेत आहे. प्रथिनांतील अमिनो आम्ले आणि काही शर्करा यांचा उष्णतेने संयोग होऊन तपकिरी रंगाची व नाना स्वादांची द्रव्ये तयार होतात. ही क्रिया जोमाने व्हायला साधारण १४० अंशांपुढची उष्णता लागते. पृष्ठभाग ओला असेल तोवर तेथील तापमान १०० अंशांवर अडलेले असते. म्हणून परतायचे मांस कोरडे टिपून घ्यावे, तवा किंवा कढई आधी चांगली तापवावी आणि थोड्या थोड्या फोडी घालाव्यात. एकदम किलोभर मटण कढईत ओतले, की कढई गार पडते, फोडींना पाणी सुटते आणि परतणे राहून वाफवणे सुरू होते.

जोरदार आचेवर परतल्याने मांसातला रस आत कोंडला जातो, असा एक समज आहे. जर्मन रसायनज्ञ युस्टस फॉन लीबिग याने १८४७ मध्ये तो मांडला आणि त्याच्या नावाच्या दबदब्यामुळे तो रूढ झाला. पुढील प्रयोगांत तो टिकला नाही. परतलेल्या तुकड्यातूनही रस गळतच राहतो. तव्यावर जो चरचर आवाज होतो, तो त्या गळणाऱ्या पाण्याचाच. परतावे ते स्वादासाठी; रसाचे रक्षण त्याने होत नाही. आणि खमंगपणा व करपणे यांतली रेषाही सांभाळावी, कारण काळ्या पडलेल्या भागात आरोग्याला घातक अशी द्रव्ये तयार होतात. तंदूर या बाबतीत कौशल्याची कसोटी पाहतो. त्याच्या भिंती कित्येकदा ४०० अंशांच्या घरात तापलेल्या असतात. कोंबडीला चिरा देणे, दह्यात मुरवणे आणि थोडाच वेळ आत ठेवणे, ही सर्व त्या प्रचंड धगीशी केलेली तडजोड होय. लखनौच्या गलावटी कबाबात कच्ची पपई घालतात. तिच्यातील पपेन हे द्रव्य प्रथिने तोडते आणि मांस गरम होत असताना, ६०-७० अंशांच्या आसपास, ते विशेष जोरात काम करते. खिम्याला हे चालते. मोठ्या फोडींना पपई फार वेळ लावून ठेवली, तर वरचा थर पिठूळ होतो आणि आतला तसाच चिवट राहतो.

माशाकडे वळताना मांसाचे बहुतेक नियम बाजूला ठेवावे लागतात. पाणी माशाच्या देहाचा भार पेलते, म्हणून त्याला जमिनीवरच्या प्राण्यासारख्या चिवट बांधणीची गरजच नसते. त्याचे तंतू आखूड असतात, पाकळ्यांसारख्या थरांनी रचलेले असतात आणि थरांमध्ये कोलॅजेनचे अगदी पातळ पडदे असतात. हे कोलॅजेन मांसातल्यापेक्षा कितीतरी कमी उष्णतेला विरघळते. ५५ ते ६० अंशांना मासा पाकळ्या सोडू लागतो. सुरक्षिततेसाठी ६३ अंशांपर्यंत नेला, की त्याचे काम संपले. मटणाला जेथे तास लागतात, तेथे माशाला मिनिटे पुरतात. मऊ होण्याची वाट पाहण्याचा येथे प्रश्नच नाही. मासा जात्याच मऊ आहे, त्याला फक्त वेळेवर थांबवायचे आहे.

कोकणातल्या कालवणाची रीत पाहिली, तर हे ज्ञान तेथे पिढ्यान्‌पिढ्या वावरत आहे असे दिसते. वाटण, आमसूल, तिरफळे यांसह रस्सा आधी पुरता उकळून घेतात आणि तुकड्या सर्वांत शेवटी सोडतात. त्यानंतर पळी आत जात नाही. पातेलेच कडांना धरून हलवतात. आमसुलाचे काम नुसत्या आंबटपणाचे नाही. समुद्री मासा शिळा होऊ लागला, की त्याच्यात वास येणारी अमिने तयार होतात. आम्लाशी संयोग झाला म्हणजे ती हवेत उडत नाहीत आणि वास दबतो. गोड्या पाण्यातल्या रोहू-कटल्याचा मातकट वासही आंबटाने कमी होतो. कलकत्ता, दिल्ली वा भोपाळ येथे राहणाऱ्या आणि नदीच्या माशाला नाक मुरडणाऱ्या मराठी माणसांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. बंगालमध्ये हिलसा मोहरीच्या वाटणात वाफवतात आणि पारशी मंडळी पापलेट हिरव्या चटणीत माखून केळीच्या पानात गुंडाळून वाफेवर ठेवतात. वाफ १०० अंशांपुढे जात नाही आणि पानाआडून ती आणखी सौम्य होऊन पोचते. नाजूक माशाला याहून चांगली वागणूक नाही.

तळण्याच्या माशाचे मर्म कोरडेपणात आहे. मीठ-हळद लावून ठेवल्याने पाणी सुटते आणि मांस थोडे घट्ट होते. ते पाणी टिपून टाकले पाहिजे. बोंबिलात पाणी इतके, की ते पाट्याखाली किंवा जड वजनाखाली दाबून काढल्याशिवाय तो तव्यावर उभाच राहत नाही. रवा किंवा तांदळाचे पीठ लावले, की करपण्या-खमंग होण्याचे काम ते आवरण अंगावर घेते आणि आतला मासा वाचतो. बिडाचा जाड तवा उष्णता धरून ठेवतो. तुकडी टाकल्यावर तिला लगेच उलथू नये; खालचा पापुद्रा झाला की ती आपोआप सुटते, आधी ओढली की फुटते.

एका ठिकाणी मात्र कितीही योग्य आच असली, तरी उपयोग नसतो. बांगडा, सुरमई, कुपा यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचे द्रव्य पुष्कळ असते. मासा बर्फाविना उन्हात राहिला, तर जंतू त्याचे हिस्टामिन करतात. ते खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तासाभरात चेहरा लाल होतो, डोके ठणकते, अंगाला खाज सुटते. पुष्कळ लोक तेव्हा ‘मला बांगडा सोसत नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. उकळल्याने जंतू मरतात. हिस्टामिन मात्र उकळून, तळून किंवा गोठवून नष्ट होत नाही. म्हणून अशा माशाच्या बाबतीत पहिली पाककृती बर्फाची. बाजारातून घरी येईपर्यंत तो गार राहिला पाहिजे.

आता तेलाविषयी. तेलाची निवड आपल्याकडे प्रांताने ठरवलेली आहे. महाराष्ट्रात शेंगदाणा, केरळ व गोव्याकडे खोबरेल, बंगाल, बिहार व काश्मीरकडे मोहरी. आणि विदर्भात पूर्वी जवसाचे तेलही सर्रास असे. चवीच्या दृष्टीने ही निवड कोणी बदलू नये. पण आचेच्या दृष्टीने दोन गुण पाहावेत. पहिला म्हणजे ते कोणत्या उष्णतेला धुरावते. साजूक तूप सुमारे २५० अंश, रिफाइंड शेंगदाणा तेल सुमारे २३०, घाण्याचे खोबरेल सुमारे १७५, घाण्याचे शेंगदाणा तेल सुमारे १६० आणि लोणी सुमारे १५० अंश, असे हे मान आहे. तेल किती शुद्ध व किती ताजे यावर ते थोडेफार बदलते. मासे तळायला १७० ते १८० अंश लागतात. म्हणजे घाण्याचे सुगंधी तेल फोडणीला आणि रश्श्याला ठेवावे, खोल तळणीला रिफाइंड वापरावे, हा व्यवहार शहाणपणाचा ठरतो. धुरावलेल्या तेलातून ॲक्रोलिन नावाचा वायू निघतो. डोळ्यांना झोंबतो तो हाच, आणि तेल बिघडू लागल्याची ती सूचना असते. बंगालमध्ये मोहरीचे तेल मुद्दाम धुरावेपर्यंत तापवतात, ते तिचा उग्र झणका घालवण्यासाठी. पण तेथेही लगेच आच कमी करतात.

दुसरा गुण टिकाऊपणाचा, आणि त्याकडे लक्ष थोडे जाते. सूर्यफुलाचे रिफाइंड तेल उशिरा धुरावते. तरी त्याची घडण अशी, की दीर्घकाळ तापवल्यास ते शेंगदाण्यापेक्षा किंवा खोबरेलापेक्षा लवकर बिघडते. जवसाचे तेल तर इतके चंचल, की हवेत सुकण्याच्या त्याच्या गुणामुळे ते रंग-रोगणात वापरले जाते. वनस्पती तूप दिसायला टिकाऊ, पण त्यातील ट्रान्स मेद हृदयाला घातक. भारतात जानेवारी २०२२ पासून तेला-तुपांतील त्याचे प्रमाण २ टक्क्यांवर आणले आहे. सुटे तेल घेणे मात्र कोणत्याही प्रांतात टाळावे. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली, हजारो लोकांना जलशोथ झाला आणि साठांवर माणसे दगावली.

तळून उरलेल्या तेलाचा प्रश्न प्रत्येक घरात असतो. मासे तळल्यावर पिठाचे व माशाचे कण खाली राहतात. ते पुढच्या वेळी करपतात आणि तेलाला कडवट करतात. तेल कोमट असतानाच गाळावे, झाकून अंधाऱ्या जागी ठेवावे आणि एक-दोन दिवसांत मासळीच्याच फोडणीत संपवावे. रंग काळपट झाला, फेस निवेनासा झाला किंवा नेहमीपेक्षा कमी आचेवर धूर येऊ लागला, तर ते टाकून द्यावे. त्यात नवे तेल मिसळून त्याला तारुण्य येत नाही. उपाहारगृहांसाठी देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून मर्यादा घातली आहे. तापून तेलात तयार होणाऱ्या ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांपुढे गेले, की ते तेल वापरता येत नाही. त्याच वर्षी असे तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्याची योजनाही सुरू झाली. घरातले वाटीभर तेल तेवढ्यासाठी न्यायला कोणी येत नाही. ते मोरीत ओतले, तर थंड होऊन नळीत साचते. जुन्या वर्तमानपत्रात किंवा राखेत शोषून ते कचऱ्यात टाकणे बरे.